वरचा सूर कोणाचा?

काळं जाकीट, गळ्यात जाडजूड साखळ्या आणि खांद्यावर रुळणारे केस घेऊन एक माणूस चष्म्याच्या दुकानात शिरला, तेव्हा दुकानदाराला वाटलं, हा गॉगल घ्यायला आला असणार. त्या माणसानं गॉगलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चौकशीवाल्या बाई इथेच बसतात ना?" आवाज खरवडलेल्या पातेल्यासारखा होता.

"वरच्या मजल्यावर. चला, मीच नेतो," म्हणत दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलंसुद्धा. त्याचं दुकान खाली होतं, पण जीव वर अडकलेला असायचा.

वर बसायची ती त्याच्या बायकोची सख्खी मावशी. खासगी चौकशीच्या धंद्यात तिचं नाव होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्याला 'जावईबापू' म्हणायची, आणि त्यात मान कमी, चिमटा जास्त असायचा. जावईबापूंना त्याचं काही वाटत नसे. चष्म्याचे नंबर काढून काढून कंटाळलेल्या माणसाला चोर, भामटे आणि बेपत्ता नवरे यांचा शेजार म्हणजे चैनच.

जिना चढता चढता मात्र त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर भोंगा.

भोंगा म्हणजे कोण, हे मावशीला सांगावं लागलं. हार्ड रॉक वाजवणाऱ्या एका बँडचा गायक. पहिल्या अल्बमनं बँड घराघरात पोचला तो याच्या वरच्या पट्टीतल्या आरोळीमुळे. ती ऐकूनच कुणीतरी त्याला भोंगा म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं नाव आता फक्त त्याची आई वापरायची.

"दुसरा अल्बम तयार झालाय," भोंगा खुर्चीत बसत म्हणाला. "सोमवारी टेप छापायला जाणार. आणि त्यातल्या शेवटच्या गाण्यात मी नाहीये."

"म्हणजे कोण आहे?" मावशीनं विचारलं.

"तेच तर शोधायचंय."

त्यानं खिशातून कॅसेट काढली. गाण्याचं नाव 'दार'. त्यात अगदी शेवटी एक वरचा सूर होता. गाणं भोंग्यानंच रचलेलं, पण गेल्या वर्षी घसा आजारी पडल्यापासून तो सूर त्याला लागेनासा झाला होता. स्टुडिओत कितीदा उभा राहिला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की घसा आवळायचा. शेवटी सगळ्यांनीच विषय काढायचं सोडलं.

"आणि गेल्या सोमवारी काकांनी, म्हणजे आमच्या रेकॉर्डिस्टनी, पाठीवर थाप मारली. म्हणाले, जमलं की रे. टेपच्या मोकळ्या ट्रॅकवर अख्खं गाणं गायलेलं सापडलं त्यांना, वरच्या सुरासकट. मी ते गायलेलं नाही."

मावशीनं टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. गिटार कडाडली, ड्रम कोसळले आणि त्यावर एक आवाज चढत गेला. कोवळा, धारदार, जरा पातळ. "आलोय मी, दार उघड" या ओळीला तो जो वर गेला, तो जावईबापूंच्या अंगावर काटा आणूनच थांबला.

"तुमच्यासारखाच आहे की," जावईबापू म्हणाले.

"माझ्यासारखा आहे. माझा नाही. एखाद्या विशीतल्या पोराचा आहे. मला माझा आवाज कळत नाही होय? घरी लावलं तर आई म्हणाली, हा तर तूच. पण आईला हल्ली कमी ऐकू येतं." त्यानं मान खाली घातली. "आमचा गिटारवाला, दाढी, एका पोरगेल्या गायकाबरोबर हॉटेलात बसलेला मला दिसलाय. सरळ आहे. त्यांनी माझ्या जागी दुसरा आणलाय आणि माझ्या नावावर खपवताहेत. पुढच्या अल्बमला नावसुद्धा त्याचंच लावतील. तसं असेल तर सोमवारच्या आत मीच बाहेर पडतो. हाकलून घेण्यापेक्षा ते बरं."

मावशीनं कॅसेट मागे घेऊन शेवटची ओळ पुन्हा ऐकली. "ही ओळ आधीपासून अशीच होती?"

"नाही. 'येईन मी, दार उघडं ठेव' अशी होती. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही सरावाला जमलो तेव्हा ऐनवेळी बदलली. तोंडातोंडीच. दाढी आणि ड्रमर दोघंच होते समोर. त्यांना म्हटलं, हीच बरी."

"आणि रविवारी गायलात?"

"सराव केला, नुसता. काका नव्हते, लाल दिवा बंद, रेकॉर्डिंगही चालू नव्हतं. सरावाला काय, सगळेच वाघ असतात. आणि तेही रखडत रखडत. वाटलं, गाणं संपतंय की नाही."

तो उठला तेव्हा जावईबापूंना राहवलं नाही. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा बायको बरेच दिवस दवाखान्यात होती. कॉरिडॉरमध्ये बसून, कुणाचातरी उसना वॉकमन कानाला लावून त्यांनी पहिला अल्बम पाठ होईपर्यंत ऐकला होता. त्यांना रडता येत नव्हतं. तो माणूस त्यांच्या वतीनं ओरडत होता. हे सगळं त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून अडखळत सांगितलं, आणि म्हणाले, "तुमचे आभार मानायचे होते कधीचे."

भोंग्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तो आवाज आता नाही हो माझ्याकडे," तो म्हणाला आणि भराभर उतरून गेला.

स्टुडिओ बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होता. भिंती हातभर जाड, त्यामुळे बाहेर ट्रक गेला तरी आत पत्ता लागत नसे. काचेपलीकडे गायकाचा बूथ, अलीकडे कंट्रोल रूम, तिथे कपाटाएवढं टेपचं मशीन आणि त्याच्यासमोर काका.

काकांना चौकशी म्हणजे आपल्या कामावर संशय वाटला. "त्यानंच गायलंय. दुसरं कोण गाणार? रविवारी स्टुडिओला सुट्टी असते, मी घरी होतो. सोमवारी आलो तर ट्रॅकवर आवाज हजर."

"मग उघडलं कोणी?"

"ड्रमरनं. त्याच्याकडे एक चावी असते. पूर्वी माझ्याच हाताखाली होता तो, टेपा गुंडाळायला. कामाचा माणूस." काकांनी बूथच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. "पण रविवारी जमतात आणि पसारा करून जातात. सोमवारी हा दिवा लागेना. म्हटलं, बल्ब गेला. बघतो तर नुसता ढिला झालेला."

मावशी मशीनजवळ जाऊन बारकाईनं बघत होती. "हा कशाचा नॉब?"

"स्पीडचा. टेप किंचित हळू-जलद करायला. आम्ही हात लावत नाही त्याला."

जावईबापूंनी मान डोलावली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

दाढी मागच्या पायऱ्यांवर सिगरेट ओढत बसला होता. बोलायच्या आधी तो भरपूर खोकला. गळ्यात करवत चालल्यासारखा. "हो, विचारलं होतं मी एका पोराला," तो सरळच म्हणाला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? भोंग्याचा घसा बसला तर अल्बम बुडणार, आमच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. पण तो पोरगा नाही म्हणाला. म्हणाला, त्यांच्यामुळे मी गायला लागलो, त्यांच्या जागेवर उभा नाही राहणार. माझंच तोंड काळं झालं."

"रविवारी काय झालं?"

"काय होणार? भोंगा हेडफोन लावून बूथमध्ये, मौनीबाबा मशीनपाशी. ड्रमरला आम्ही मौनीबाबा म्हणतो, बोलतच नाही तो. मी आपला सोबत वाजवायला बसलो, तर माझी गिटार काही केल्या टेपशी जुळेना. घरून सुरात लावून आणलेली. तारा नव्या होत्या, त्या असा त्रास देतात. वैतागून इथे येऊन बसलो. परत आत गेलो तर भांडण."

"कसलं?"

"भांडण तरी कसलं, एकटा भोंगाच बोलत होता. ड्रमरला म्हणाला, झोपेत वाजवलंस का, हात ढेपाळलाय तुझा, म्हातारा झालास. ड्रम महिनाभर आधीच टेपवर वाजवून झालेले, तेव्हा कुणाला काही खटकलं नव्हतं. खरं सांगू? मौनीबाबाला कुणी सुस्त म्हटलं ना, तर तो काठ्या फेकून मारतो. एका कार्यक्रमात संयोजकालाच मारली होती. आणि रविवारी काय म्हणाला माहितीये? 'हो, जरा ढिलं झालं असेल.' मीच चाट पडलो."

मावशी हसली. तिला हसू आलं की जावईबापूंना घाबरायला व्हायचं, कारण ते अजून अंधारातच असायचे.

मौनीबाबा ड्रमच्या कातड्याचे स्क्रू आवळत होता. दंड लोहारासारखे, नजर मात्र जमिनीवर.

"तुम्ही गाता?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"कधीच नाही?"

"शाळेत एकदा. बाईंनी खाली बसवलं."

"भोंगा बँड सोडणार म्हणतोय."

स्क्रूवरचा हात थांबला. तो पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, "त्याला सोडू देऊ नका."

राहिला धाकटा. हा भोंग्याचा भाऊ, बास गिटार वाजवायचा. नाकाडोळ्यांनी तर थोरल्यासारखाच, आणि आवाजानंही. त्यानं "नमस्कार" म्हटलं आणि जावईबापूंनी मावशीला कोपरानं ढोसलं.

"रविवारी मी नव्हतो," धाकटा म्हणाला. "आईला ताईकडून आणायला गेलो होतो. थोरल्याचा आवाज ऐकून मला आनंद झाला, एवढंच मला ठाऊक. काकांनी घाईत एकदाच लावलं होतं."

"शेवटचं कडवं म्हणून दाखवता जरा? हळूच म्हटलं तरी चालेल."

धाकटा लाजला, पण त्यानं म्हटलं. सुरेल, मऊ गळा. "येईन मी, दार उघडं ठेव," इथे येऊन तो थांबला. "बस. वरचा सूर माझ्याच्यानं नाही व्हायचा."

चहाच्या टपरीवर जावईबापूंनी आपला निकाल जाहीर केला. "मावशी, भाऊच. आवाज सारखा, वय कमी म्हणून कोवळा. थोरल्याची लाज राखायला गुपचूप गायला. सूर लागत नाही म्हणतो ते सोंग."

"छान आहे," मावशी चहा फुंकत म्हणाली. "आणि त्यानं आत्ता कोणती ओळ म्हटली?"

"कोणती म्हणजे? गाण्यातली."

"जावईबापू, दुसऱ्यांना चष्मे देता, एखादा कानालाही करून घ्या." तिनं कप खाली ठेवला. "सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलवा. भोंग्यालाही."

कंट्रोल रूममध्ये सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. भोंगा दाराजवळ, कुणाकडेही न बघता. मावशी काकांच्या खुर्चीत बसली. काकांना ते आवडलं नाही, पण मावशीला उठा म्हणायची हिंमत अजून कुणाला झालेली नव्हती.

"आधी एक पक्कं करू," ती म्हणाली. "टेपवरचा आवाज 'आलोय मी, दार उघड' असं गातो. ही ओळ रविवारी, याच खोलीत जन्मली. कागदावर कुठे नाही. म्हणजे गाणारा रविवारी इथे होता. जावईबापूंना धाकट्याचा संशय होता."

धाकट्यानं चमकून पाहिलं. जावईबापू छताकडे बघू लागले.

"पण धाकटा रविवारी नव्हता. तो अजूनही जुनीच ओळ गातो. आज बेसावध म्हणून दाखवली, तीही जुनीच. दाढीनं ज्या पोराला विचारलं, त्याला तर या ओळीचा गंधही नाही. तो नाहीच म्हणून मोकळा झाला. उरले तिघं. दाढीच्या गळ्यातून खोकल्याशिवाय काही निघत नाही. मौनीबाबांना शाळेतच खाली बसवलंय." ती थांबली. "मग कोण राहिलं?"

"मी नाही गायलो," भोंगा म्हणाला.

"तुम्ही गायलात. रविवारी. सराव म्हणून."

"रेकॉर्डिंग बंद होतं. लाल दिवा..."

"लाल दिव्याचा बल्ब ढिला केलेला होता. सोमवारी काकांना तो तसाच सापडला. रेकॉर्डिंग चालू होतं. दिवा तेवढा लागणार नव्हता, कारण तो लागला की तुमचा घसा आवळतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे."

भोंग्याच्या आवाजाला धार आली. "दिव्याचं सोडा. तो सूर मला लागतच नाही. आणि हा आवाज माझा नाही, किती वेळा सांगू?"

"आता दुसरी गोष्ट. रविवारी तुम्हाला गाणं रखडत वाटलं. ड्रम सुस्त वाटले. महिनाभर कुणालाच तसं वाटलं नव्हतं. त्याच वेळी दाढीची गिटार टेपशी जुळेना. त्यांनी तारांना दोष दिला, तुम्ही ड्रमरला. दोघांचंही चुकलं. गाणं हळू झालं होतं आणि सूरही खाली उतरला होता. एकाच वेळी दोन्ही कशानं होतं, काका?"

काकांनी हळूच त्या नॉबवर हात ठेवला. "स्पीड कमी केला तर."

"तेच. टेप हळू केली की वरचा सूर थोडा खाली येतो, तुमच्या गळ्याला झेपेल इतका. तुम्ही गायलात. नंतर टेप पूर्ववत केली की तुमचा आवाजही वर चढतो. पण चढताना पातळ होतो, कोवळा होतो. विशीतल्या पोराचा होतो. म्हणून तो तुम्हाला ओळखू आला नाही. काका, लावा. हळू करून लावा."

काकांनी नॉब फिरवला. टेप सुरू झाली.

गाणं जड पावलांनी आलं. गिटार खोल गेली, ड्रमचा प्रत्येक घाव जमिनीत उतरल्यासारखा. आणि मग आवाज. पोरगा कुठल्या कुठे गेला होता. हा आवाज थकलेला होता, खरखरीत होता, त्यानं आजारपण पाहिलं होतं. "आलोय मी," तो म्हणाला, आणि शेवटच्या सुराला वर जाताना थरथरला, पण मोडला नाही.

जावईबापूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या.

"हा मी आहे," भोंगा म्हणाला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली, पण मायेनं.

"केलं कुणी हे?"

"तुम्ही ज्याला म्हातारा म्हणालात, त्यानं. मशीन चालवायला तो इथेच शिकला. दाढी बाहेर गेल्यावर मशीनपाशी तो एकटाच होता. पण मला खात्री पटली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. सुस्त म्हटलं तर जो संयोजकालाही सोडत नाही, तो तुमची बोलणी मुकाट खातो आणि वर म्हणतो, ढिलं झालं असेल. आपले ड्रम ठीक आहेत हे त्याला ठाऊक होतं. ते का हळू ऐकू येताहेत हेही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून त्यानं आरोप डोक्यावर घेतला."

सगळे मौनीबाबाकडे बघत होते. तो आपल्या बुटांकडे.

"मला का नाही सांगितलंस?" भोंग्यानं विचारलं.

"पुसायला लावलं असतंस." मौनीबाबा थांबला, मग जड ओझं उचलावं तसं एकेक वाक्य उचलत गेला. "सूर खाली उतरवून गा म्हटलं तर तू ऐकलं नसतंस. तुला जुनाच भोंगा पाहिजे. मला वाटलं, एकदा टेपवर आला की तुला धीर येईल. तू असा निघून जायचं बघशील असं वाटलं नव्हतं. चुकलं माझं."

भोंगा मशीनपाशी गेला. त्यानं नॉबकडे पाहिलं, पण फिरवला नाही.

"काका, हे असंच ठेवता येईल? हळू?"

"येईल की. पण ताल बसका वाटेल. लोक ड्रमरला नावं ठेवतील."

"मग त्यालाच विचारा. ड्रम त्याचे आहेत. तो नाही म्हणाला तर गाणं काढून टाकू, मी रुसणार नाही."

मौनीबाबानं हातानंच खूण केली, पुन्हा लावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानं डोळे मिटून ऐकलं. एकदा कपाळाला आठी पडली, ती गेली. दाढीनं खोकलासुद्धा दाबून धरला होता.

"वजन आलंय," मौनीबाबा म्हणाला. "ठेवा."

"लोक म्हणतील, ड्रमर झोपला होता," भोंगा म्हणाला.

"म्हणू देत."

काकांनी "जमलं बुवा" म्हणून टेप मागे घ्यायला सुरुवात केली. धाकट्यानं पळत जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. दाढीनं भोंग्यापाशी येऊन त्या पोराबद्दल माफी मागितली आणि भोंगा म्हणाला, "त्या पोराला एकदा घेऊन ये, मला भेटायचंय त्याला." जावईबापूंना वाटलं, आता आपण निघावं. पण पाय निघेना.

भोंगा ड्रमरशेजारी भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "रविवारी नको ते बोललो. आणि तू माझ्यासाठी एवढं केलंस. का?"

"पहिल्या अल्बमला तुमचा ड्रमर ऐनवेळी पळाला," मौनीबाबा म्हणाला. "मी कोपऱ्यात टेपा गुंडाळत होतो. तू म्हणालास, हा बोटांनी सारखा डबे वाजवतो, याला बसवा. तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हा आभार मानायचे राहिले."

"मला आठवतही नाही रे ते."

"मला आठवतं."

भोंग्यानं बाहीनं डोळे पुसले. "मग आता मी तुझे आभार मानले, की झालं ना आपलं फिट्टंफाट?"

मौनीबाबानं मान हलवली. "नको. राहू दे तसंच. थोडं माझ्याकडे, थोडं तुझ्याकडे."

चहा आला, आणि भोंग्यानं पहिला कप उचलून त्याच्या हातात दिला.